एका रात्रीत मान टाकणारी वांगी आणि चवथीची माटोळी: गोव्यातल्या परसांचा धागा

परसातली
११ जून, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. बारा वर्षं परवरीच्या फ्लॅटमध्ये खिडकीतली तुळस आणि एक कढीपत्ता एवढीच माझी बाग होती. गेल्या नोव्हेंबरात आम्ही म्हार्दोळजवळच्या सासरच्या घरी कायमचे राहायला आलो. सासूबाईंना आता एकटं राहवत नाही, आणि खरं सांगायचं तर घरामागच्या परसाची ओढ मला लग्न झाल्यापासून होती. उतरती जमीन, तीन माड, एक म्हातारा मानकुराद आंबा, विहीर, वरच्या अंगाला चिऱ्यांचा गडगा.

डिसेंबरात तांबड्या भाजीचा पहिला वाफा केला. पंचविसाव्या दिवशी मुळासकट उपटलेली पहिली जुडी सासूबाईंच्या हातात दिली. त्यांनी ती नुसती हुंगली आणि डोळे पुसले. त्या दिवशी कांदा-खोबरं घालून केलेली भाजी आम्ही दोघींनीच संपवली. मग मुळा, नवलकोल, वाल. अबोलीची सहा रोपं लावली, त्यातली पाच जगली, आणि आता रोज संध्याकाळी सासूबाई पडवीत बसून वळेसर गुंफतात.

आता दुःख सांगते. मेच्या सुरुवातीला १८ वांग्याची आणि २४ मिरचीची रोपं रोपवाटिकेतून आणून परसाच्या खालच्या सपाट तुकड्यात लावली. यंदा पाऊस मृगाची वाट न बघता मेच्या शेवटच्या आठवड्यातच आला, रोपं तरारली. आणि आठ दिवसांपूर्वी एक वांगं दुपारी मलूल झालं. संध्याकाळी पुन्हा ताठ. दुसऱ्या दिवशी पुन्हा मलूल. तिसऱ्या दिवशी उभ्या उभ्या गेलं, पानं हिरवीच. पिवळेपणा नाही, अळी नाही, डाग नाही. आज सकाळपर्यंत ११ वांगी आणि ९ मिरच्या गेल्या. मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून पाऊस उघडला त्या दोन दिवसांत मी उलट जास्तच पाणी घातलं. कडुलिंबाचं तेल फवारलं, मुळाशी राख घातली. काही उपयोग नाही. रोज सकाळी मागचं दार उघडताना पोटात गोळा येतो.

दुसरी गोष्ट. यंदा चवथीच्या माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर फळं-भाज्या-रानवस्तू टांगून बांधतो त्या चौकटीला, निदान निम्म्या वस्तू आपल्या परसातल्या असाव्यात असं मनात आहे. आत्तापासून काय काय पेरू?

माडाखाली
११ जून, रात्री १०:२०

ताई, वाचून वाईट वाटलं. माझी मिरची गेल्या वर्षी अशीच गेली, साळगावात. मी मातीला दोष देऊन सोडून दिलं. इथे कोणी कारण सांगितलं तर माझंही भलं होईल.

चिऱ्याची माती
१२ जून, सकाळी ६:४०

ताई, उरलेल्यांपैकी जे रोप आज मलूल झालंय ते उपटा. फेकू नका. काचेच्या स्वच्छ पेल्यात साधं पाणी घ्या. रोपाचं खोड मातीच्या वर बोटभर अंतरावर धारदार सुरीने कापा, त्यातला दोन-अडीच इंचांचा तुकडा घ्या आणि त्याचं कापलेलं टोक पाण्यात बुडेल असा पेल्यात टांगून धरा. हलवू नका. पाच-दहा मिनिटं थांबा. कापातून दुधासारखे पांढरे धागे खाली उतरताना दिसले तर तो जिवाणूजन्य मर रोग. धागे दिसले नाहीत, पण खोड उभं चिरल्यावर आत तपकिरी रेषा दिसल्या, तर बुरशीजन्य मर असू शकते; पण त्यात बहुधा खालची पानं आधी पिवळी पडतात. तुम्ही लिहिलंय की पानं हिरवीच राहिली, म्हणून मला पहिलीच शंका जास्त येते.

आणखी दोन प्रश्न. या तुकड्यात गेल्या वर्षी काय होतं? आणि जोराचा पाऊस झाल्यावर तिथे पाणी किती वेळ थांबतं?

सुरी वापरून झाल्यावर उकळत्या पाण्यात धुवा. मरून गेलेली रोपं कंपोस्टच्या खड्ड्यात मुळीच टाकू नका.

परसातली
१२ जून, दुपारी १:१५

दादा, धागे दिसले. तिसऱ्याच मिनिटाला. सासूबाई शेजारी बसून बघत होत्या. पेल्यात दूध सांडावं तसे बारीक धागे सरळ खाली उतरले. मी पेला हातात धरून किती तरी वेळ तशीच बसले. इतके दिवस मी रोपांना पाणी पाजत होते आणि पाणी वर चढायची वाटच आतून बंद झाली होती.

गेल्या वर्षी तिथे घर राखणाऱ्या माणसाने टोमॅटो लावले होते. तेही "करपले" असं तो म्हणाला होता. पाण्याचं म्हणाल तर मोठी सर झाली की तिथे तास-दोन तास घोटाभर पाणी असतं, वरच्या अंगाचं सगळं उतरून तिथेच येतं.

चिऱ्याची माती
१२ जून, रात्री ८:३०

मग चित्र स्पष्ट आहे. हा जिवाणू मातीत राहतो, वर्षानुवर्षं राहतो, आणि मुळांना जिथे जखम होते तिथून आत शिरून पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या चोंदवतो. म्हणून रोप पाण्यात उभं असूनही तहानेने मरतं. उष्ण दमट हवा, आम्लधर्मी माती आणि साचलेलं पाणी, तिन्ही त्याला मानवतात, आणि आपल्या गोव्याकडे पावसाळ्यात तिन्ही आहेत. वरच्या वाफ्यातून खाली वाहणाऱ्या पाण्याबरोबर, खुरप्याबरोबर, चपलेच्या चिखलाबरोबर तो पसरतो. एकदा रोपात शिरला की घरच्या बागेत त्यावर औषध नाही. कोणी बाटली विकायला आला तर पैसे घालवू नका.

करायचं ते असं. त्या तुकड्यात किमान तीन-चार वर्षं वांगी, मिरची, टोमॅटो, बटाटा यांपैकी काहीही नको. आलंही तिथे नको. मका, अळसांदे (चवळी), दोडकी, भेंडी चालेल. आपल्याकडे भात काढल्यावर त्याच जमिनीत वायंगणी भाजी घ्यायची पद्धत आहे, तिला हेही एक कारण आहे असं मला वाटतं: भाताच्या पाण्यात काही महिने बुडालेल्या जमिनीत या जिवाणूचा जोर कमी होतो.

मातीचा नमुना तपासून घ्या, कृषी खात्याच्या विभागीय कार्यालयात मार्गदर्शन मिळतं. आपली जांभ्याची तांबडी माती बहुतेक वेळा आम्ल निघते. पीएच साडेपाचच्या खाली आला तर चौरस मीटरला साधारण २५० ग्रॅम कृषी चुना किंवा डोलोमाइट, लागवडीच्या दोन-तीन आठवडे आधी, मातीत नीट मिसळून. शेणखत आणि चुना एकाच दिवशी घालू नका, शेणखतातलं नत्र उडून जातं.

आणि वांगी सोडू नका. दोन मार्ग आहेत. जुन्या गोव्याला एला इथे केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे, तिने या मर रोगाला तोंड देणारे वांग्याचे वाण काढलेले आहेत, बियाण्याची चौकशी तिथे करा. दुसरा मार्ग कलमाचा. बांधावर काटेरी रानवांगं उगवतं, वाटाण्याएवढ्या हिरव्या फळांचे घोस येतात ते. त्याची मुळं या जिवाणूला सहसा दाद देत नाहीत. त्या खुंटावर आपलं वांगं पाचर कलमाने बांधायचं. हवं असेल तर पुढे सविस्तर लिहीन.

काणकोणचा डोंगर
१३ जून, सकाळी ७:०५

मिरचीबद्दल मी बोलतो. आमच्या काणकोणातल्या खोला गावच्या मिरचीला, म्हणजे खोल्याच्या मिरचीला, २०२० साली भौगोलिक मानांकन मिळालं. ही मिरची कुठे होते ते बघा: डोंगराच्या उतारावर, पावसाच्या पाण्यावर. एवढा पाऊस अंगावर घेऊनही ती तगते, कारण पाणी पडतं आणि वाहून जातं, मुळाशी थांबत नाही. आमचे लोक पाऊस सुरू झाला की रोपं उतारावर नेऊन लावतात आणि पाऊस सरला की लाल फळं तोडून खडकावर वाळवतात. लहानपणी वाळत घातलेल्या मिरच्यांवर अवकाळी सर आली की सगळं घर धावायचं, शाळेचा गणवेश घालूनच मीही धावलो आहे.

ताई, तुमची जमीन उतरती आहे म्हणता. मग मिरची खालच्या सपाटीत कशाला? वर लावा.

परसातली
१३ जून, रात्री ९:१०

काणकोणचे दादा, तुमचा प्रतिसाद मी सासूबाईंना वाचून दाखवला. त्या लगेच म्हणाल्या, "उदक रावता थंय मिरसांग रावना." म्हणजे पाणी थांबतं तिथे मिरची राहत नाही. त्यांच्या सासूच्या काळी मिरची गडग्याला लागून वरच्या अंगालाच असायची. खालच्या तुकड्यात केळी आणि अळू. हे त्यांनी मला मे महिन्यात का नाही सांगितलं असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "तू एवढ्या हौसेने करत होतीस, मोडता कसा घालू?" मला भरून आलं. आता प्रत्येक वाफ्याच्या आधी त्यांना खुर्चीवर बसवून परसात घेऊन जायचं ठरवलंय.

उद्या खालचा तुकडा रिकामा करते. उरलेल्या वांग्यांना हात लावायला मन होत नाही, पण उपटते.

बार्देसची गच्ची
१५ जून, सकाळी ११:००

जमीन असणाऱ्यांचा हेवा वाटतो. आमच्याकडे सोसायटीची गच्ची आहे, १५ इंची २२ पिशव्या. मातीतले रोग तुलनेने कमी, कारण मिश्रण आपण करतो: माती, कोकोपीट, गांडूळखत, थोडी नीमपेंड. पण माझा धडा वेगळा आहे. अशा एका पिशवीत ४० लिटरच्या आसपास मिश्रण मावतं आणि पावसात भिजली की ती ४०-५० किलो होते. म्हणजे २२ पिशव्या एक टन. मी त्या सगळ्या एकाच कोपऱ्यात ठेवल्या होत्या, खालच्या घरात ओल उतरली, भांडण झालं, आणि चूक माझी होती. आता तुळयांच्या रेषेवर, भिंतीकडेने, विटांवर उचलून ठेवते. पावसाळ्यासाठी जूनच्या आधीच निम्म्या पिशव्या रिकाम्या करून छपराखाली घेते.

तरी गच्चीवर पहाटे चहा घेऊन जाण्यासारखं सुख नाही. काल पहिली गोकर्ण फुलली.

कुळागरात
१६ जून, रात्री १०:४०

ताई, तुमची वांगी महिन्याभरात गेली. मी तुम्हाला वर्षांचं सांगतो, कारण या धाग्यावर नवीन लोक असतील आणि त्यांची वर्षं वाचतील.

सावईवेऱ्याकडे आमचं वडिलोपार्जित कुळागर. माडी (सुपारीची झाडं), मिरी, केळी, अननस, पाटाचं पाणी. वडील गेल्यावर मी पणजीची नोकरी सांभाळून शनिवार-रविवार बघू लागलो. पहिल्याच पावसाळ्यात हौसेने भिरंडीची (कोकमाची) सहा रोपं लावली, बियांपासून झालेली, ओळखीच्या माणसाने प्रेमाने दिलेली. उन्हाळ्यात चालत जाऊन घागरीने पाणी घातलं. आठव्या वर्षी फुलं आली. चार झाडं नर निघाली. भिरंडीत नर आणि मादी झाडं वेगळी असतात आणि बियांपासून केली तर साधारण निम्मी नर निघतात हे मला तेव्हा कळलं. फूल येईपर्यंत झाड बघून सांगता येत नाही. जायफळाचंही तसंच, तिथेही सहा-सात वर्षं वाट बघून मग कळतं.

मी ती चार झाडं तोडायला कोयता घेऊन गेलो होतो. आमचा जुना कामगार म्हणाला, एक ठेवा, परागाला लागेल. दहा मादी झाडांना एक नर पुरतो. एक ठेवलं. बाकीची तीन गुडघ्याएवढी छाटली, पावसाळ्यात धुमारे आले, आणि त्यांवर मादी झाडाच्या काड्या बांधल्या. तीनपैकी दोन कलमं लागली. परवा, म्हणजे यंदाच्या मेमध्ये, त्या दोन झाडांची भिरंडं पहिल्यांदा फोडली. बायकोने सोलं वाळवली. पुरुमेंताच्या (पावसाळ्याच्या बेगमीच्या) बरणीत ती भरली तेव्हा त्या बरणीकडे मी जितका वेळ बघत राहिलो तितका वेळ मी कुठल्याच गोष्टीकडे बघितलेलं नाही.

म्हणून सांगतो: भिरंड किंवा जायफळ लावायचं तर मादी झाडाचं कलमच घ्या. चार पैसे जास्त पडतील.

सत्तरीची लेक
१८ जून, दुपारी ३:२५

गोगलगायींबद्दल कोणी लिहिलंच नाही! आमच्याकडे मोठ्या आफ्रिकन गोगलगायी पहिल्या पावसाबरोबर बाहेर पडतात आणि एका रात्रीत काकडीचे सगळे कोंब साफ करतात. राखेची रेघ कोरडी असेपर्यंतच चालते, आपल्या पावसात ती दहा मिनिटंही टिकत नाही. एकच उपाय खरा: संध्याकाळी पपईची पानं ओल्या गोणपाटाखाली ठेवायची, रात्री नऊच्या पुढे बॅटरी घेऊन जायचं, आणि गोळा करून मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकायच्या. हातमोजे घालूनच, त्यांच्या अंगावाटे माणसाला घातक जंत लागू शकतात. मुलांना हातात धरायला देऊ नका. पहिल्या आठवड्यात रोज साठ-सत्तर मिळाल्या, तिसऱ्या आठवड्यात पाच-सहा.

माकडांना मात्र मी हरले. तोंडाशी आलेली पपई, चिबूड, पेरू. कुत्रा ठेवला, जुन्या सीडी टांगल्या, फटाके वाजवले. चार दिवसांनी त्यांना सगळ्याची सवय होते. आता घराच्या अगदी जवळ, स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसेल एवढ्यातच फळं लावते आणि दूर जमिनीत सुरण, करांदे, कणगी. जमिनीखालचं माकड नेत नाही. मग रानडुक्कर नेतो, पण तो रोज येत नाही.

माडाखाली
२४ जुलै, सकाळी ८:१०

दीड महिन्याने लिहितोय. ताईंचं बघून मीही पेल्याची परीक्षा केली, माझ्याही मातीत तोच रोग. मिरची आता चिऱ्यांचा दीड फूट उंच वाफा करून त्यात लावली आहे, आजवर एकही गेलेली नाही.

पण दोडकी आणि तवशी (काकड्या) सगळी वाकडी होऊन सडतात, आत पांढऱ्या अळ्या. आंब्याला लावलेला फळमाशीचा सापळा होता, तोच उचलून मांडवाला बांधला. महिनाभर एकही माशी अडकली नाही. हे सापळे म्हणजे निव्वळ पैशाची नासाडी आहे असं माझं मत झालंय.

चिऱ्याची माती
२४ जुलै, दुपारी २:००

मत बदला. सापळा बरोबर आहे, आतलं आमिष चुकीचं. आंब्याच्या फळमाशीचा नर मिथाइल युजेनॉलच्या वासाला येतो. वेलभाज्यांवरची माशी वेगळी, तिच्या नराला क्यू-ल्यूर लागतं. दुकानात मागताना "वेलवर्गीयांसाठी" असं म्हणून घ्या. पण नुसत्या सापळ्यावर विसंबू नका, मादी तर त्यात येतच नाही. फूल गळून फळ बोटाएवढं झालं की त्याला कागदाची किंवा जुन्या साडीची पिशवी बांधा. सडलेलं प्रत्येक फळ त्याच दिवशी उचला आणि काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून उन्हात टाका. अळी जमिनीत जाऊन कोष करते, तिला तिथवर पोचू द्यायचं नाही.

परसातली
२५ जुलै, रात्री ९:३०

मला आणखी एक अडचण आली होती, ती सुटली म्हणून सांगते. सलग पावसात दोडक्याची मादी फुलं नुसती गळत होती. पाऊस थांबत नाही तर मधमाश्या येणार कुठून! मग हातानेच परागीकरण करू लागले. दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, पाचच्या पुढे. काकडीची आणि लाल भोपळ्याची सकाळी. नर फूल तोडून, पाकळ्या मागे दुमडून, ज्या फुलामागे इवलं फळ दिसतं त्याला हलकेच टेकवायचं. छत्री खांद्यावर धरून हे करताना हात दुखतो, पण आठवड्यात सात दोडकी धरली. सासूबाई मोजतात.

खालच्या तुकड्यात आता अळू आणि केळीचे दोन कोंभ आहेत. तिथे पाणी साचलं की मला आता वाईट वाटत नाही.

सत्तरीची लेक
२६ जुलै, सकाळी १०:००

ताई, माटोळीसाठी रानातल्या वस्तूंचं काय केलंत? एक विनंती सर्वांनाच आहे. चवथ जवळ आली की बाजारात कांगणं, घागऱ्या, कवंडळं, नागलकूड (कळलावी) अशा रानवस्तूंचे ढीग येतात. त्यातलं बरंच मुळासकट ओरबाडलेलं असतं. आमच्या डोंगरावर लहानपणी दिसायचे ते कांगण्याचे वेल आता दूर आत जाऊन शोधावे लागतात. माटोळी ही रानाची ओळख करून देणारी गोष्ट आहे, तिच्यापायी रानच ओस पडायला नको. जमेल ते कुंपणाला लावा. नागलकुडाचा कंद कुंपणाशी एकदा लावला की दर पावसाळ्यात आपोआप वर येतो, फूल तर ज्योतीसारखं. फक्त तो विषारी आहे, कंद आणि बी दोन्ही, लहान मुलं आणि गुरं असतील तर आडबाजूला लावा.

परसातली
२६ ऑगस्ट, रात्री ११:२०

उद्या चवथ. हात केवणीच्या सालीच्या दोरांनी सोलवटलेत आणि झोप येत नाही, म्हणून लिहिते.

माटोळी बांधून झाली. आमच्या परसातलं काय काय चढलं ते सांगू? नारळाची पेंड (घोस), दोन तवशी, पाच दोडकी, सात शिरांची भेंडी, केळीचा लहान घड (हा शेजारच्या काकींच्या परसातला, पण त्यांच्या आणि आमच्या केळीचा मूळ कोंभ एकच), आंबाडे, कर्मलं, हळदीची पानं. चिबूड ठेवलं होतं, ते परवाच्या पावसात वेलावरच फुटलं. आम्ही ते गूळ घालून खाल्लं. वांगं एकही नाही, मिरची मात्र आहे! वरच्या अंगाला गडग्याशी जूनच्या शेवटी लावलेल्या बारा रोपांपैकी अकरा उभी आहेत आणि त्यांची पहिली हिरवी मिरची आंब्याच्या पानांबरोबर ओवली.

बाकीच्या वस्तू बाजारातून आणल्या. निम्म्या आपल्या असाव्यात असं म्हटलं होतं. मोजल्या तर सव्वीसपैकी नऊ. पण मुलगा आज पहिल्यांदा शिडीवर चढून बांधत होता आणि प्रत्येक वस्तूचं नाव आजीला विचारत होता. चौदा वर्षांचा आहे. आजवर त्याला माटोळी म्हणजे वरती लटकणारी भाजी एवढंच ठाऊक होतं. आज त्याने विचारलं, कांगण्याचं बी कुठे मिळेल.

कुळागरात
२७ ऑगस्ट, सकाळी ६:१५

चवथीच्या शुभेच्छा सर्वांना. मुलाला सांगा, पिकलेलं कांगण फुटलं की आतलं नारिंगी बी काढून लगेच कुंडीत पेर. मीही देतो.

परसातली
७ डिसेंबर, संध्याकाळी ७:४५

वांग्यांची गोष्ट पुरी केल्याशिवाय हा धागा सोडवत नाही.

चिऱ्याची माती दादांनी सांगितलेला कलमाचा मार्ग धरला. रानवांग्याचं बी सावकाश रुजतं, म्हणून ते जुलैच्या शेवटी पेरलं, आणि आगशी गावच्या वांग्याचं बी चार आठवड्यांनी. आगशीच्या वांग्यांना २०२३ साली मानांकन मिळालंय, पण मी ते बी घेतलं ते कापांसाठी. रव्यात घोळवून तळलेली त्या वांग्याची कापं सासूबाईंना फार आवडतात. दोन्ही रोपांची खोडं पेन्सिलीपेक्षा बारीक, सारख्या जाडीची झाली तेव्हा खुंटाला पाचर दिली, वरची काडी बसवली, चिमट्याने धरली आणि आठवडाभर प्लॅस्टिकच्या झाकणाखाली सावलीत ठेवली. बारा बांधली. पाच काळी पडून गेली, त्यातल्या तीन तर मीच झाकण लवकर उघडून घालवल्या. सात लागली. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वरच्या अंगाला चुना दिलेल्या उंच वाफ्यात लावली, कलमाचा सांधा मातीच्या चांगला वर ठेवून. सांधा मातीत गेला तर वरच्या काडीलाच मुळं फुटतात आणि सगळं वाया जातं.

सातापैकी एकाचा शेंडा अळीने पोखरला, तो खुडून टाकला. बाकी सहा आज गुडघाभर आहेत. शेजारी मुद्दाम एक साधं, कलम न केलेलं रोप लावून बघितलं होतं. ते नोव्हेंबरच्या मध्यावर गेलं. पेल्यात पुन्हा तेच धागे. म्हणजे वरच्या वाफ्यातही तो आहे. आता खुरपी मी दोन वेगळी ठेवलीत, खालची लाल दांड्याची.

आज पहिली दोन वांगी तोडली. कापं तळून झाली. सासूबाईंनी एक खाल्लं, दुसरं मुलाच्या ताटात सरकवलं.

आता बियांचं. तवशाचं बी राखेत घोळवून, शेणाबरोबर मागच्या भिंतीला थापून ठेवलंय, वीस जणांना तरी पुरेल. सात शिरांच्या भेंडीचं मात्र फक्त पाच जणांपुरतं, कारण बियांसाठी ठेवलेल्या दोन झाडांपैकी एक माकडांनी मोडलं. ज्यांना हवंय त्यांनी इथे लिहा आणि आपल्याकडचं काय देऊ शकता तेही लिहा. मला सुरंगीचं रोप हवं आहे, आणि काणकोणच्या दादांकडून खोल्याच्या मिरचीचं मूठभर बी.

काणकोणचा डोंगर
७ डिसेंबर, रात्री ८:३०

मिरची खडकावर वाळते आहे. बी तुमचं. मला भेंडी द्या.

माडाखाली
७ डिसेंबर, रात्री ८:५५

मला तवशी. आणि माझ्याकडे अननसाची पिल्लं पंधरा आहेत, आधी येईल त्याला.